सातारा पायी: पेठांतल्या बोळांचे तुमचे अनुभव लिहा

साताऱ्याला येणारा पाहुणा कासला जातो, ठोसेघरला जातो, सज्जनगड करतो आणि परतताना कंदी पेढे बांधून घेतो. शहर त्याला पोवई नाक्यापासून राजवाड्यापर्यंत गाडीच्या काचेतून दिसतं तेवढंच. आपल्यातलेही बरेच जण आता दोन गल्ल्या ओलांडायला गाडी काढतात. म्हणून हा धागा. अजिंक्यतारा किल्ल्याच्या पायथ्याला उतारावर वसलेलं हे गाव चालल्याशिवाय कळत नाही, असं माझं ठाम मत आहे. चढ कुठे लागतो, पाणी कुठून कुठे यायचं, कुठल्या वळणावर किल्ला एकदम समोर उभा राहतो, हे पायांनाच समजतं. तुम्हाला चालताना सापडलेली एखादी जागा लिहा. फारशी प्रसिद्ध नसली तर उत्तमच. लोकांच्या राहत्या घरांचे पत्ते मात्र नकोत.

शनिवार पेठेतून

मी पाण्याबद्दल लिहितो, कारण माझं जुन्या गावातलं सगळं फिरणं पाण्यामागेच झालंय. यवतेश्वराच्या डोंगराकडचं पाणी खापरी नळांनी उताराने गावात आणलेलं होतं. ना पंप, ना वीज. डोंगर वर, गाव खाली, एवढ्याच भांडवलावर वाड्यावाड्यांतले आणि चौकातले हौद भरत. साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह महाराज यांच्या काळातलं महादरे तळं याच व्यवस्थेतलं. राजपथावरचा कमानी हौद आपण रोज पत्ता सांगायला वापरतो, पण थांबून बघत कोणीच नाही.

आमच्या बोळात एकदा रस्ता खोदला होता, तेव्हा एक खापरी नळ उघडा पडला. हातभर लांबीचे भाजलेल्या मातीचे तुकडे, एकाचं तोंड दुसऱ्यात बसवलेलं आणि सांध्याला चुना. चुना इतका घट्ट की कामगाराची पहार लागून नळ फुटला, सांधा तसाच राहिला. आतून बोट फिरवलं तर काचेसारखा गुळगुळीत. शेजारच्या वाड्यात हौद अजून आहे. त्याच्या काठाला घागर टेकवून टेकवून पडलेला वाटीएवढा खळगा आहे. तिथल्या काकूंनी आता हौदात तुळशीच्या कुंड्या ठेवल्यात. मला विचाराल तर साताऱ्याचा नकाशा रस्त्यांचा काढूच नये, हौदांचा काढावा.

मंगळवार पेठेतून

दादा, हौदांबरोबर तळीही घ्या की! मंगळवार तळं, मोती तळं, फुटकं तळं. एका सकाळी तिन्ही पायी होतात. मंगळवार तळ्याचे दगडी कठडे पावसाळ्यात बघावेत, चिऱ्यांच्या फटीतून नेचे डोकावतात. फोटो काढण्यापेक्षा टेकून बसा.

माहेर सातारा, सासर पुणे

माझी जागा खण आळी. मोती चौकाच्या गर्दीतून आत वळलं की आवाज बदलतो. लग्नसराईत आई, मावशी आणि आम्ही बहिणी पायीच जायचो, कारण तिथे गाडी लावायची म्हणजे डोक्याला ताप. चपला बाहेर काढून बैठकीवर मांडी घालायची, समोर घड्या उलगडत राहायच्या. आधी देवीच्या ओटीचा खण, मग मानाच्या साड्या, शेवटी आपलं. हा क्रम आईने कधी मोडू दिला नाही. खण येतात कर्नाटकातल्या गुळेदगुड्डकडून, पण त्याची त्रिकोणी घडी घालण्याची तिथल्या काकांची सफाई बघत राहावी: दोन बोटं, एक झटका, काठ बरोबर वर. आजकाल खणाचे ड्रेस आणि पिशव्या पुण्यात कुठेही मिळतात, हे मान्य. पण लग्नाची खरेदी मी अजून तिथेच करते आणि करणार.

गडकर आळीतून

आमच्याकडे पत्ते देवांवरून चालतात. गोल मारुती, दंग्या मारुती, ढोल्या गणपती, गारेचा गणपती. गूगल मॅप बंद करून हे चारही विचारत विचारत शोधा. निम्मा गाव ओळखीचा होईल. एखाद्या आजी चहाही पाजतील.

निवृत्त शिक्षक, सदर बझार

शहरातली एक वाट मी माझ्या विद्यार्थ्यांना मुद्दाम चालायला लावत असे. सुरुवात राजवाड्यापासून. तिथे भरणाऱ्या सरकारी शाळेत, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये, 7 नोव्हेंबर 1900 रोजी एका मुलाचं नाव दाखल झालं. रजिस्टरमध्ये नोंद आहे: भिवा रामजी आंबेडकर. हा दिवस आता राज्यभर विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. तिथून चालत पोवई नाका आणि पुढे सदर बझारात भीमाबाईंच्या समाधीपाशी यायचं. भिवा शाळेत जायला लागला तेव्हा आई हयात नव्हती. मुलं राजवाड्यात दंगा करत निघायची. समाधीपाशी आल्यावर मी काही बोलत नसे. एकदा एका मुलीने विचारलं, "सर, मग त्याचा डबा कोण करायचं?" त्या प्रश्नावरून वर्गात पुढे आठवडाभर बोलणं चाललं. इतिहासाच्या पुस्तकातला एकही धडा मला तेवढा शिकवता आला नाही.

शाहूपुरीतून

चार भिंती. विजयादशमीची मिरवणूक राजघराण्यातल्या स्त्रियांना दिसावी म्हणून प्रतापसिंह महाराजांनी ही जागा बांधली, असं जुनी माणसं सांगतात. आता तिथे 1857 च्या लढ्याचं स्मारक आहे. संध्याकाळी जा, दिवे लागताना वरचा रस्ता आणि खालचा रस्ता दोन्ही स्पष्ट ओळखू येतात.

पुन्हा शनिवार पेठेतून

संध्याकाळी नको, सकाळी जा. संध्याकाळी फक्त दिवे दिसतात, सकाळी उतार दिसतो. पूर्वेला जरंडेश्वर, पश्चिमेला यवतेश्वर आणि मधे गाव. पाणी कुठून आलं असेल ते कुणी सांगावं लागत नाही.

करंज्यातून

शहराच्या थोडं बाहेरचं चालेल ना? संगम माहुली. पायी तास-सव्वा तास लागतो, पहाटे निघालो की ऊन लागायच्या आत पोहोचतो. कृष्णा आणि वेण्णा इथे भेटतात. रामशास्त्री प्रभुण्यांचं हे गाव. विश्वेश्वराचं देऊळ सगळे बघतात, घाटावर पाय सोडून बसतात, थोरल्या शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याची समाधीही दाखवली जाते. पण ताराबाईंची समाधी कुठे म्हणून विचारलं तर दहातले आठ जण खांदे उडवतात. औरंगजेबाच्या फौजेने 1700 मध्ये घेतलेला साताऱ्याचा किल्ला जिच्या कारकिर्दीत स्वराज्यात परत आला, त्याला अजिंक्यतारा नाव मिळालं, ती बाई 1761 मध्ये साताऱ्यातच गेली. तिच्या समाधीपाशी साधी दिशा दाखवणारी पाटी धड नसावी, याचा मला मनापासून राग येतो. आम्ही काही मित्र पावसाळा संपला की खुरपी घेऊन जातो आणि आजूबाजूचं गवत काढतो. समाधीच्या दगडाला हत्यार लावायचं नाही, मुळं ओढायची नाहीत, वरवर कापायचं, एवढंच पथ्य. यंदा दिवाळीनंतर जाणार आहोत. ज्यांना यायचंय त्यांनी इथेच लिहा, खुरपी घरून आणा.