स्मार्ट इमारत, अडाणी रहिवासी?

गच्चीवरचा: काल इथे एका महाशयांनी लिहिलं, "वीज वाचवणाऱ्या हिरव्या इमारती फसत नाहीत, आत राहणारे अडाणी असतात." तेव्हापासून डोकं फिरलंय. आमच्या ऑफिसच्या स्मार्ट इमारतीत संडासातला दिवा हालचालीवर चालतो. सेन्सरचं तोंड दाराकडे. तीन मिनिटं गप्प बसलं की गुडुप अंधार! मग आतल्या आत हात हलवायचे, गाडी सुटल्यावर फलाटावर हलवतात तसे. अडाणी कोण, मी की तो बसवणारा? वीज जरूर वाचवा, पण वापरणाऱ्याला आधी विचारा की.

काटकोन: ते महाशय म्हणजे मीच. एसी चालू ठेवून खिडक्या उघडणारे मी रोज बघतो. ॲमस्टरडॅमची 'द एज' ही ऑफिसांची इमारत घ्या. हिरव्या इमारतींना गुण देणाऱ्या 'ब्रीॲम' मानांकनात ९८.३६ टक्के, सुमारे २८ हजार सेन्सर. तिथे बरे लोक नांदतात?

तिसरी घंटा: नांदतात, पण स्वतःचं टेबल कुणालाच नाही, रोज ॲपवर जागा शोधायची. थोडं अवांतर: ऑफिसांतल्या तापमानाचं गणित १९६०च्या दशकातलं, पुरुषाचं शरीर धरून केलेलं. त्यात बायकांच्या शरीरात तयार होणारी उष्णता ३५ टक्क्यांपर्यंत जास्त धरली जाते, हे २०१५ साली 'नेचर क्लायमेट चेंज' या विज्ञान-नियतकालिकात छापून आलंय. मी भर उन्हाळ्यात स्वेटर घालून बसते.

काटकोन: स्वेटर चढवता येतो. उकडणाऱ्याने काय कातडं उतरवायचं?

तिसरी घंटा: हा विनोद आमचे साहेबही करतात. त्यांनाही कुणी हसत नाही.

उष्मांक: मी बाई, वय ५१, आणि मला उकडतं. माझ्या वतीने स्वेटर वाटू नका!

तिसरी घंटा: ताई, तुमच्या वतीने नाही हो. दोघींना वेगवेगळं लागतं आणि बटण एकीच्याही हातात नाही, एवढंच म्हणतेय.

उष्मांक: मग तसं लिहायचं. बटण मिळालं तर भांडण आपल्या दोघींचंच, ते परवडेल.

जुना खांब: चालू द्या एसीपुराण. ग्रेनफेल टॉवरची आग आठवतेय का कुणाला? लंडन, २०१७, ७२ माणसं गेली. ऊब टिकावी, वीज वाचावी म्हणून नूतनीकरणात बाहेरून आवरण चढवलं होतं, तेच पेटलं. इमारतीत आगीचा धोका आहे असं रहिवाशांच्या गटाने आधीच लिहून ठेवलं होतं. अडाणीच ना ते?

काटकोन: मेलेली माणसं पुढे करून वाद जिंकायचा, छान! दोष त्या आवरणाच्या ज्वालाग्राही पत्र्यांचा होता, वीज वाचवण्याचा नाही.

जुना खांब: पत्र्यांचा, कबूल. पण ओरडणाऱ्यांचं ऐकलं कुणी?

काटकोन: ...बरं. 'अडाणी' मागे घेतो. खिडकीवाले मात्र अजून डोक्यात जातात. आणि गच्चीवरचे, सेन्सर ही ठेकेदाराची चूक. तक्रार करायची.

गच्चीवरचा: केली ना, इमारतीच्याच ॲपवर. उत्तर आलं: नोंदीनुसार त्या वेळी आत कुणीही नव्हतं.