डेस्कटॉप टीव्हीला जोडलाय, पण आवाज गायब आणि चित्र ठेचकाळतंय

उंबरठा:
आईला सिनेमे मोठ्या पडद्यावर बघायचे असतात आणि सगळा साठा माझ्या डेस्कटॉपवर. भिंतीच्या अलीकडे डेस्कटॉप, पलीकडे ४के स्मार्ट टीव्ही. एचडीएमआय केबल भिंतीतून ओवून घेतली. चित्र आलं, पण आवाज डेस्कटॉपच्याच स्पीकरमधून. टास्कबार खालून अर्धा कापलेला. ४केला रिफ्रेश रेट (पडदा सेकंदाला किती वेळा चित्र ताजं करतो तो आकडा) ३० हर्ट्झच्या वर जात नाही आणि कॅमेरा आडवा फिरला की चित्र ठेचकाळतं. म्हणून डीएलएनएने (घरच्या नेटवर्कवरून टीव्हीला फाइल पुरवायची सोय) फोल्डर शेअर करून पाहिलं. यादी दिसते, बरेच सिनेमे लागतातही, पण काहींना ‘ऑडिओ फॉरमॅट चालत नाही’ असा निरोप देऊन टीव्ही मुका होतो. मराठी सबटायटल्सच्या जागी नुसते चौकोन. कुठली वाट धरू?

चहाटळ:
टास्कबारवरच्या स्पीकरच्या चिन्हावर जा, आउटपुट म्हणून टीव्हीचं नाव निवडा. कडा कापल्या जात असतील तर टीव्हीच्या पिक्चर सेटिंगमध्ये ‘जस्ट स्कॅन’ किंवा ‘स्क्रीन फिट’ असं काहीतरी असेल, ते चालू करा. संपला विषय.

तारमास्तर:
संपला कसला, ३० हर्ट्झचं काय? आधी डेस्कटॉपच्या मागे बघा. ग्राफिक्स कार्ड वेगळं असेल तर केबल त्याच्यातच हवी, मदरबोर्डच्या पोर्टात नको. पोर्ट एचडीएमआय १.४ चा असेल तर ४केला साधारण ३० वरच अडकणार. ६० साठी २.० लागतं. टीव्हीकडेही बघा: कित्येक टीव्हींत त्या ठरावीक पोर्टासाठी ‘एन्हान्स्ड’ किंवा ‘डीप कलर’ असा पर्याय हाताने चालू करावा लागतो. केबल लांब आणि स्वस्तातली असेल तर तीही ६० ला दगा देते.

पण सिनेमासाठी ६० च्या मागे लागूच नका. बहुतेक सिनेमे सेकंदाला २४ फ्रेमचे. पडदा ३० वर असला की दर चार फ्रेमपैकी एक दोनदा दाखवावी लागते. तुमचं ठेचकाळणं तेच. डिस्प्ले सेटिंगमध्ये रिफ्रेश रेट २४ हर्ट्झ करा (२३.९७६ दिसला तर तो आधी), जुन्या पोर्टावरही चालेल. माउस रडत-रखडत हलेल, हलू दे.

पडीकगडी:
एवढा खटाटोप कशाला? पेनड्राइव्हवर टाका आणि टीव्हीला लावा. मी तेच करतो.

तारमास्तर:
टीव्ही मुका होतो तो आवाज बहुधा डीटीएस फॉरमॅटचा, आणि पेनड्राइव्हने तो सिनेमा बोलायला लागत नाही हो. शिवाय फॅट३२ फॉरमॅट असेल तर ४ जीबीच्या वरची फाइल त्यावर बसतच नाही.

उंबरठा:
२४ हर्ट्झने फरक जाणवला, आवाजही टीव्हीतून आला. पण आईला मध्येच सिनेमा थांबवायचा असला की मला हाक मारते. टीव्हीच्या रिमोटने डेस्कटॉपवरचा व्हीएलसी प्लेअर थांबवता येईल का?

तारमास्तर:
हे आधी सांगितलं असतंत तर केबलवर एवढं लिहिलं नसतं! रिमोटचे आदेश एचडीएमआयमधून सीईसी नावाच्या सोयीने जातात आणि डेस्कटॉपच्या ग्राफिक्स कार्डांत ती बहुधा नसतेच. रिमोट आईंच्या हातात राहणार असेल तर सिनेमा टीव्हीवरच्या अ‍ॅपमध्ये चालला पाहिजे, डेस्कटॉपने फक्त फाइल पुरवायची.

डेस्कटॉपवर जेलीफिन टाका; टीव्हीला सिनेमे पुरवणारा सर्व्हर प्रोग्राम आहे, फुकट आहे. टीव्हीवर त्याचं अ‍ॅप मिळतं का बघा. साध्या डीएलएनएत फाइल आहे तशी पाठवली जाते, आणि डीटीएस आवाज कित्येक टीव्हींना वाजवता येत नाही. जेलीफिन तेवढा आवाज वाटेतच बदलून देतं, चित्राला हात न लावता. प्रोसेसरला ते काम किरकोळ आहे.

सबटायटल्सचे चौकोन म्हणजे टीव्हीकडे देवनागरी फॉन्ट नाही. चौकोनांऐवजी अगम्य चिन्हं आली असती तर फाइल नोटपॅडमध्ये उघडून यूटीएफ-८ मध्ये सेव्ह करा म्हटलं असतं. फॉन्टच नसेल तर जेलीफिनमध्ये सबटायटल चित्रावर ‘बर्न’ करायचा पर्याय आहे. मात्र तेव्हा अख्खं चित्र नव्याने एन्कोड होतं. ४के फाइलला जुना प्रोसेसर घाम गाळेल, म्हणून हार्डवेअर अ‍ॅक्सिलरेशन (ते काम ग्राफिक्स चिपवर सोपवणं) चालू ठेवा किंवा त्या सिनेमांची १०८०पी प्रत वापरा.

आणि टीव्हीला लॅनची वायर लावली म्हणजे वेग वाढलाच असं समजू नका. पुष्कळ टीव्हींचा लॅन पोर्ट १०० मेगाबिटचाच असतो. जड ४के फाइल त्यात मधूनमधून अडते, तिथे ५ गिगाहर्ट्झचं वाय-फाय बरं पडतं.

उंबरठा:
अ‍ॅप मिळालं. डीटीएसवाला सिनेमा बोलायला लागला, आई स्वतः थांबवते, मागे नेते. फक्त मधूनच टीव्हीवर सर्व्हर सापडत नाही.

चहाटळ:
डेस्कटॉप झोपत असेल. पॉवर सेटिंगमध्ये स्लीप ‘नेव्हर’ करा. मॉनिटर बंद झाला तरी चालतो.

तारमास्तर:
आणि राउटरमध्ये डेस्कटॉपचा आयपी पत्ता कायम करून ठेवा. तो बदलला की अ‍ॅप जुन्याच पत्त्यावर शोधत बसतं.