विषय: उत्तर: मे महिन्याची सहल, नॅसकार हॉल ऑफ फेम

प्रेषक: कॉनकॉर्डचे काका

नमस्कार मंडळी,

मे महिन्याची सहल शार्लटच्या नॅसकार हॉल ऑफ फेमला (अमेरिकी मोटार-शर्यतींच्या संग्रहालयाला) न्यायचं घाटतंय, असं समितीच्या पत्रात वाचलं. माझा विरोध आहे. मागाहून कुजबुज करण्यापेक्षा इथेच मांडतो.

आम्ही १९९४ मध्ये या भागात आलो. ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने अगत्याने आम्हा दोघांना शर्यतीला नेलं. ट्रॅकचं नाव लिहीत नाही. पार्किंगपासून दारापर्यंत पिकअप ट्रकांवर कॉन्फेडरेट झेंडे, म्हणजे गुलामगिरीसाठी लढलेल्या दक्षिणेचे, एकाला लागून एक. खाण्याच्या रांगेत उभे होतो, तर मागच्या माणसाने सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "काय रे, वाट चुकलास का? मोटेल तिकडे आहे." भारतीय दिसला की मोटेलवाला, असा तो टोमणा. रांगेतले सगळे हसले. हिचं इंग्रजी तेव्हा यथातथाच होतं. सगळे हसतायत म्हणून हीसुद्धा हसली. ३२ वर्षं होत आली, पण ते हिचं हसणं माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

आता म्हणे तिथे सगळं बदललंय. पण ज्या तऱ्हेने बदललंय तेही मला पटत नाही. 'ड्राइव्ह फॉर डायव्हर्सिटी' नावाची योजना काढायची आणि रंग बघून मुलं निवडायची, हा कुठला न्याय? ज्यांनी आपल्याला दारात उभं केलं नाही, त्यांच्याकडे राखीव खुर्ची कशाला मागायची? खेळात स्टॉपवॉच असतं, ते कुणाची जात विचारत नाही. आणि २०२० मध्ये तालाडेगाच्या ट्रॅकवर बबा वॉलेस या काळ्या चालकाच्या गॅरेजात फास (काळ्यांना लटकवून मारत, त्याची खूण) सापडला म्हणून देशभर गहजब झाला, शेवटी निघाली दार ओढायची दोरी. असल्या प्रकारांनी खऱ्या अपमानाची किंमत कमी होते.

मुलांना न्यायचंच असेल तर डिस्कव्हरी प्लेस या विज्ञान संग्रहालयाला न्या.

आपला,
काका

———

प्रेषक: हंटर्सव्हिलची ताई, सहल समिती

काका, सा. न.

काकूंच्या हसण्याबद्दल वाचलं आणि लॅपटॉप मिटून ठेवला. रात्री पुन्हा उघडला. त्या माणसाने जे केलं ते कुठल्याही सहलीने भरून निघणार नाही. तुम्ही आला नाहीत तर समितीतलं कुणी नावं ठेवणार नाही. पण स्टॉपवॉचबद्दल मला बोलायचंच आहे. ही जागा मी सुचवली ती नेमकी त्यासाठीच.

> खेळात स्टॉपवॉच असतं, ते कुणाची जात विचारत नाही.

वेंडेल स्कॉट हा डॅनव्हिलचा काळा चालक. ग्रीन्सबरोहून वर गेलं की व्हर्जिनियाची हद्द ओलांडल्याबरोबर लागतं ते गाव. दुसऱ्या महायुद्धात सैन्यात मेकॅनिक होता, परत आल्यावर टॅक्सी चालवली, रात्री चोरटी दारू पोचवली. १९५२ मध्ये डॅनव्हिलच्या ट्रॅकवाल्यांना गर्दी खेचायला एक काळा चालक हवा होता. त्यांनी चौकशी केली ती पोलिसांकडे, कारण गावात सगळ्यांत जोरात गाडी कोण हाणतो हे पोलिसांइतकं कुणाला ठाऊक असणार? पोलिसांनी स्कॉटचं नाव सांगितलं.

आता १ डिसेंबर १९६३. फ्लोरिडातलं जॅक्सनव्हिल, स्पीडवे पार्क, अर्ध्या मैलाचा मातीचा ट्रॅक. स्कॉटची शेव्हरोले, नंबर ३४. फेऱ्या तेव्हा यंत्र मोजत नसे. माणसं कागद-पेन्सिल घेऊन बसत आणि आपली गाडी समोरून गेली की खूण करत. शेवटच्या २५ फेऱ्या उरल्या असताना स्कॉटने रिचर्ड पेटीला मागे टाकलं. ठरलेल्या फेऱ्या झाल्या, पण शर्यत संपल्याचा चौकटीचा झेंडा काही पडेना. तो बिचारा चालवतच राहिला. अखेर विजेता म्हणून नाव पुकारलं ते बक बेकरचं. करंडक, फोटो, टाळ्या सगळं बेकरला. लोक घरोघर गेले, दोनेक तास उलटले, मग अधिकाऱ्यांनी कबूल केलं की स्कॉट दोन फेऱ्यांनी पुढे होता. मोजणीत चूक झाली म्हणाले. स्कॉट शेवटपर्यंत सांगत राहिला की चूकबीक काही नव्हती. विजेत्याला करंडक देताना गोरी सुंदरी त्याच्या गालाचं चुंबन घेत असे, आणि तिथे काळा माणूस उभा असलेला आयोजकांना नको होता.

काका, गाडीने फेऱ्या मारल्या होत्या. कागदावर त्या उतरल्या नाहीत.

नॅसकारने तो करंडक स्कॉटच्या कुटुंबाच्या हातात दिला ऑगस्ट २०२१ मध्ये, डेटोनाला. स्कॉट गेला १९९० साली. वरच्या मालिकेत तो ४९५ शर्यती धावला, त्यातल्या १४७ वेळा पहिल्या दहांत आला. इंजिन स्वतः बांधलेलं, टायर जुने, पिटमध्ये टायर बदलायला पोटची मुलं. विजय मात्र कागदावर एकच, तोही असा.

त्यानंतर नॅसकारच्या राष्ट्रीय मालिकांमध्ये दुसरा काळा चालक जिंकला ऑक्टोबर २०१३ मध्ये, मार्टिन्सव्हिलला, पिकअप ट्रकांच्या मालिकेत. तो बबा वॉलेस. मध्ये ५० वर्षं गेली. एवढ्या वर्षांत एकाही काळ्या मुलाच्या पायात वेग नव्हता असं आपण मानायचं का? मी मानू शकत नाही.

राखीव खुर्चीचं म्हणाल, तर मागच्या जूनमध्ये मी आपल्याच कॉनकॉर्डच्या स्पीडवेवर समर शूटआउट बघायला गेले होते. मोठ्या ट्रॅकच्या पुढ्यात पाव मैलाचा छोटा ट्रॅक आहे, तिथे पोरंटोरं बँडोलेरो आणि लेजंड गाड्या पळवतात. वॉलेस लहानपणी याच गाड्या चालवून वर आला. एक काळी मुलगी होती, असेल दहा-अकरा वर्षांची. वडील गुडघ्यावर बसून एकेका टायरची हवा मोजत होते आणि आकडा खडूने टायरवरच लिहीत होते. पुढच्या डावीकडचा पुसून त्यांनी तीनदा लिहिला. शेजारी दुसऱ्या मुलाचा तंबू: चार मेकॅनिक, जनरेटर, न वापरलेल्या टायरांची चळत. मुलगी सहावी आली. वडिलांनी तिचं हेल्मेट काढलं, कपाळावरचा घाम आपल्या शर्टाने पुसला आणि दोघं गाडी ढकलत ट्रेलरकडे गेले, कारण ढकलायला तिसरं कुणी नव्हतं.

या खेळात पोराच्या अंगात वेग आहे की नाही हे कळायच्या आधीच घर विकायची पाळी येते. ज्याचे आजोबा-वडील शर्यतीतले, त्याला गाडी घरात मिळते. आणि ते आजोबा-वडील शर्यतीत कुणाला येऊ देत होते, हे तुम्ही १९९४ मध्ये पाहिलंत. ही योजना २००४ मध्ये सुरू झाली. तिच्यातून मिळते ती खालच्या पायरीवरची गाडी, मेकॅनिक आणि शिकवणारी माणसं. कपमधली, म्हणजे सगळ्यांत वरच्या मालिकेतली, जागा कुणी बहाल करत नाही. वॉलेस तिथून आला, काइल लार्सन आला, मेक्सिकोतल्या मॉन्टेरेचा डॅनियल सुआरेझ आला. सुआरेझने २०१६ मध्ये कपच्या खालची एक्सफिनिटी मालिका जिंकली, नॅसकारच्या राष्ट्रीय मालिकेतला पहिला परदेशी जन्माचा विजेता. यांच्यापैकी कुणाच्या फेरीतून योजनेने सेकंद कापून दिले? पाया तेवढा दिला. आपल्याकडे आरक्षणावरून मंडळाच्या जेवणात आपण किती वर्षं भांडतोय, काका! माझं मत तुम्हाला ठाऊक आहे, तुमचं मला.

दोरीबद्दल. ती दाराचीच होती आणि तिला गाठ फासाचीच मारलेली होती. एफबीआयने सांगितलं की ती निदान ऑक्टोबर २०१९ पासून तिथे होती, म्हणजे वॉलेसला उद्देशून बांधलेली नव्हती. पण नॅसकारने २९ ट्रॅकांवरची १,६८४ गॅरेजं तपासली. गाठ मारलेल्या दोऱ्या निघाल्या ११, आणि फास तो एकच. वॉलेसने ती पाहिलीसुद्धा नव्हती. टीममधल्या माणसाने पाहून कळवलं, आणि नॅसकारच्या अध्यक्षांनी वॉलेसला सांगितलं. जे त्याने म्हटलंच नाही त्यासाठी लोक त्याला आजतागायत खोटारडा म्हणतात. खऱ्या अपमानाची किंमत यानेही कमी होते ना? कॉन्फेडरेट झेंड्यावर बंदी त्याच्या ११ दिवस आधी, १० जून २०२० ला आली, तीही वॉलेसने जाहीरपणे मागणी केल्यावर. तुम्ही त्या पार्किंगमधून चालत गेलात तेव्हा अशी मागणी करणारा तिथे कुणी नव्हता. आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये त्याच तालाडेगाला तो कपची शर्यत जिंकला. पाऊस आला म्हणून जिंकला, असं बोलणारे तेव्हाही होते. जुलै २०२५ मध्ये इंडियानापोलिसला पावसाने शर्यत थांबवली, पुन्हा सुरू झाली, दोनदा जादा फेऱ्या झाल्या, आणि लार्सनला मागे धरून जिंकला.

लार्सनचं नाव आलंच आहे तर एक कडू गोष्ट लिहिते. त्याच्या आईकडचे आजी-आजोबा जपानी वंशाचे, महायुद्धात अमेरिकन सरकारने छावणीत डांबलेले. आणि २०२० च्या एप्रिलमध्ये संगणकावरच्या शर्यतीत काळ्या लोकांसाठीचा तो घाणेरडा शब्द त्याच्याच तोंडून गेला. प्रायोजक गेले, टीमने काढलं, हंगाम गेला. परत आला तो २०२१ मध्ये, १० शर्यती जिंकून विजेता झाला. स्वतःच्या घरात अपमानाचा इतिहास असून माणसाची जीभ अशी घसरते. आपण दिवाळीच्या फराळाला जमतो तेव्हा 'कल्लू' हा शब्द किती सहज येतो? मीही ऐकून गप्प बसले आहे, एकदा नव्हे. माझ्या मुलाने गेल्या वर्षी विचारलं, "आई, ते काका हॅरीच्या बाबांना असं का म्हणाले?" मला उत्तर देता आलं नाही. मला मुलांना हॉल ऑफ फेममधल्या स्कॉटच्या नावासमोर उभं करायचंय ते म्हणून.

शेवटचं. २०१० मध्ये नरेन कार्तिकेयन ट्रक मालिकेत आला होता, आठवतंय? मार्टिन्सव्हिलला पहिल्याच शर्यतीत १३वा. हंगामात फक्त ९ शर्यती धावला आणि तरी चाहत्यांच्या मतांवर मालिकेतला सर्वांत लोकप्रिय चालक ठरला. मतं दिली आपण, जगभरच्या भारतीयांनी. या यादीवर मतदानाचा दुवा तुम्हीच टाकला होतात, काका, आणि खाली लिहिलं होतंत, "आपला माणूस आहे, रोज एक मत." मी रोज एक दिलं.

ताई

———

प्रेषक: विन्स्टन-सेलमचा धाकटा

काका, ताई,

मध्ये बोलतो, रागावू नका. माझ्या घरापासून दहा मिनिटांवर विन्स्टन-सेलम स्टेट आहे. राजा कॅरूथ तिथेच शिकला. घरी शर्यतीची परंपरा नाही, गॅरेज नाही. संगणकाच्या पडद्यावर गाडी चालवायला शिकला, तिथून या योजनेत, तिथून खऱ्या ट्रकमध्ये, आणि मार्च २०२४ मध्ये लास व्हेगसला जिंकला. शर्यत आणि परीक्षा दोन्ही एकाच आठवड्यात असायच्या. माझ्याच वयाचा आहे, म्हणून मला तो जास्त जवळचा वाटतो.

आणि फक्त चालकच का बघायचे? ब्रेहाना डॅनिएल्स कॉलेजात बास्केटबॉल खेळायची. पिट क्रूच्या निवडीला गेली आणि टायर बदलणारी झाली. गाडी येऊन थांबायच्या आत भिंतीवरून उडी मारायची, गुडघे टेकायचे, पाच नट काढायचे (तेव्हा चाकाला पाच असत), पाच घट्ट करायचे. २०१८ मध्ये ती डेटोनाला कपच्या शर्यतीत उतरली. मी ती चित्रफीत सावकाश करून कितीदा पाहिली असेल.

बाबांना बिल लेस्टरबद्दल सांगितलं. बर्कलीचा इंजिनिअर, ह्यूलेट-पॅकार्डमधली नोकरी सोडून शर्यतीत उतरला आणि २००६ मध्ये पंचेचाळिशीत अटलांटाला कपची शर्यत धावला. बाबा म्हणाले, आधी इंजिनिअर हो.

मी येतोय. माझ्याबरोबर दोन मित्र येऊ शकतील का? मराठी नाहीत.

———

प्रेषक: हंटर्सव्हिलची ताई, सहल समिती

जरूर आण. तिकिटाचे पैसे तेवढे शुक्रवारपर्यंत दे.

———

प्रेषक: कॉनकॉर्डचे काका

ताई,

तुझं पत्र हिला वाचून दाखवलं. योजनेबद्दल माझं मत पालटलेलं नाही, तू लिहितेस त्यावर समोरासमोर बसून बोलू. वॉलेसबद्दल मी जे लिहिलं ते पूर्ण माहिती न घेता लिहिलं, ते मागे घेतो. नरेनला दिलेली मतं विसरलो होतो.

वाचून झाल्यावर ही बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मला तेव्हा कळलं होतं तो काय बोलला ते. तुमची मूठ वळलेली दिसली. तुम्ही अंगावर धावून जाल म्हणून मी हसले."

३२ वर्षांत हे तिने मला सांगितलं नव्हतं, आणि मीही कधी विचारलं नव्हतं.

आमची दोन नावं लिही. हिला जिने फार चढवत नाहीत, लिफ्ट आहे का ते बघून ठेव. पोळीभाजी आम्ही आणतो, विन्स्टनच्या त्या दोन मुलांची धरून.

काका