अनुभव मागवीत आहे : वयात येणाऱ्या मुलांचा राग

माझा मुलगा आता चौदा वर्षांचा आहे. गेल्या वर्षभरात घरातील दोन दारांच्या कड्या निखळल्या आहेत आणि दूरचित्रवाणी संचाची काच फुटली आहे. उपदेशाची पुस्तके घरात पुष्कळ आहेत, म्हणून येथे केवळ घडलेले अनुभव मागवीत आहे. काय केले, काय फसले आणि त्यानंतर काय झाले, एवढे लिहावे. मुलांची व शाळांची नावे टाळावीत. ‘आमच्या वेळी एक ठेवून दिली की विषय संपत असे’ असे ज्यांना लिहायचे असेल, त्यांनी तो विषय खरोखर कोठे संपला हेही लिहावे.

सुरुवात माझ्यापासून करते. तीन आठवडे मी एका वहीत प्रत्येक भडक्याची वेळ टिपून ठेवली. बहुतेक भडके संध्याकाळी साडेसहा ते आठ या वेळेत, शिकवणीहून परतल्यावर उडत होते. दुपारी बाराच्या डब्यानंतर त्याच्या पोटात काही गेलेले नसे आणि रात्री भ्रमणध्वनी पाहत तो एक वाजेपर्यंत जागा असे. या वयात आठ ते दहा तास झोप लागते आणि त्याला जेमतेम पाच तास मिळत होती. आता तो आला की आधी ताट वाढते आणि जेवण होईपर्यंत गुणांचा प्रश्न विचारत नाही. रात्री साडेदहाला सगळ्यांचे फोन, माझ्या यजमानांचाही, स्वयंपाकघरातील फडताळात जातात. भडके निम्म्यावर आले. उरलेल्यांचे कारण भुकेत नव्हते. ते जेवताना त्याला वडिलांकडून मिळणाऱ्या टोमण्यांत होते, आणि त्याबद्दल घरात बोलणे मला फडताळाच्या नियमापेक्षा कितीतरी अवघड गेले.

ठाण्याहून एका वडिलांनी लिहिले आहे :

मी मुलाला मारत होतो. माझ्या वडिलांनी मला मारले होते, म्हणून त्यात वावगे वाटत नव्हते. तो पंधरा वर्षांचा असताना एके दिवशी त्याने माझा उगारलेला हात हवेतच धरला. त्याने मला ढकलले नाही, मारले नाही, नुसते मनगट धरून ठेवले, आणि त्याची पकड माझ्यापेक्षा घट्ट आहे हे आम्हा दोघांना एकाच क्षणी कळले. त्या आठवड्यात आम्ही समुपदेशकाकडे गेलो. मुलाला समजावून सांगतील या अपेक्षेने मी गेलो होतो, परंतु त्यांनी पहिला तास माझ्याशीच बोलण्यात घालवला.

त्यांची पद्धत अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीची होती. घटना आपल्याला थेट राग आणत नाही. घटना आणि राग यांच्यामध्ये आपण स्वतःशी उच्चारलेले एक वाक्य असते, असे या पद्धतीचे सूत्र. आम्हा दोघांना ती वाक्ये लिहून आणण्यास सांगितले होते. माझे वाक्य होते, ‘त्याने माझे ऐकलेच पाहिजे.’ त्याचे होते, ‘बाबांनी मला सगळ्यांसमोर बोलताच कामा नये.’ समुपदेशकांनी दोन्ही वाक्यांतील ‘च’भोवती लाल वर्तुळ काढले. ‘ऐकावे अशी माझी इच्छा आहे’ हे वाक्य म्हणताना हात उगारता येत नाही, हे मी करून पाहिले आहे. मराठीत एका अक्षरात एवढा हट्ट मावतो, याचे मला आजही नवल वाटते. भांडणे थांबलेली नाहीत. मात्र मध्येच आमच्यापैकी कोणीतरी ‘च आला’ म्हणतो आणि कधीकधी तेवढ्याने भागते. मी त्याची क्षमा मागितली, तीही बरीच उशिरा.

नववीच्या एका वर्गशिक्षिकेने लिहिले आहे :

मधल्या सुट्टीतील मारामाऱ्या सोडवण्यात माझे पहिले सहा महिने गेले. एकदा मी मुलांना मनाच्या अवस्थांना मराठीत जेवढे शब्द येतात तेवढे लिहायला सांगितले. बहुतेक मुलग्यांची यादी ‘राग, टेन्शन, मूड ऑफ, डोके फिरणे’ येथेच संपली. मुलींच्या याद्या लांब होत्या. रडलास तर बायकी, घाबरलास तर भित्रा, असे लहानपणापासून ऐकलेल्या मुलांच्या पदरी मोकळेपणाने दाखवता येईल अशी एकच भावना उरते, असे माझे मत त्या दिवशी झाले. मग फळ्यावर रोज एक शब्द लिहू लागले : हिरमुसणे, खजील होणे, ओशाळणे, धास्तावणे, हेवा वाटणे, पोटात गोळा येणे. दोन महिन्यांनी मित्राची कॉलर धरलेला एक मुलगा माझ्याकडे येऊन म्हणाला, “बाई, मला राग नव्हता आला. सगळे हसले ना, तेव्हा मी खजील झालो होतो.” त्या दोघांचे भांडण मिटवायला मला पाच मिनिटेही लागली नाहीत. सगळ्यांच्या बाबतीत असे घडले नाही; दोन मुले शेवटपर्यंत हात चालवतच राहिली.

कोल्हापुरातील तालमीत मुले तयार करणाऱ्या एका वस्तादांचा थोडक्यात अनुभव :

मुलाला तालमीत घाला, राग जिरेल, असे सांगत पालक येतात. शिस्तीने आणि वेळेवरच्या झोपेने फरक पडतो, हे खरे. पण तापलेल्या डोक्याने लढत दिली की राग वाढतो, हे मी नेहमी पाहतो. त्यामुळे भांडून आलेल्या पोराला त्या दिवशी जोड, म्हणजे लढायला जोडीदार, मिळत नाही, त्याने हौद्यातील, म्हणजे कुस्तीच्या आखाड्यातील, माती खणायची. (उशी बडवून राग उतरतो हा समज मानसशास्त्रातील प्रयोगांतही टिकलेला नाही. – धागाकर्ती)

विदर्भातील एका आईने लिहिले आहे :

माझ्या मुलाला आम्ही आठ महिने ‘माजला आहे’ म्हणत होतो. त्याने क्रिकेट सोडले, मित्रांचे फोन घेणे सोडले, साध्या हाकेवर तो अंगावर येऊ लागला. एका रात्री ‘मी नसलो तर तुम्ही सुटाल’ असे तो म्हणाला, तेव्हा मी 14416 या टेलि-मानसच्या, म्हणजे मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी मदतसेवेच्या, क्रमांकावर फोन केला. तेथे मराठीत बोलणारी व्यक्ती मिळाली आणि तिच्या सांगण्यावरून आम्ही मानसोपचारतज्ज्ञांकडे गेलो. या वयातील नैराश्य उदासीपेक्षा चिडचिडीच्या रूपानेही दिसू शकते, हे तेथे प्रथम कळले. उपचार चालू आहेत. तो पुन्हा मैदानावर जातो, खेळत नाही, पण कडेला बसून सामना पाहतो.

शेवटचा अनुभव तेवीस वर्षांच्या एका तरुणाचा आहे. तो वरील काही अनुभवांना छेद देतो, म्हणून जसाच्या तसा ठेवते :

सोळाव्या वर्षी मी घरात वस्तू फेकत असे. ‘या वयात मेंदूचा आवर घालणारा भाग पुरता तयार नसतो’ हे वाक्य मी कोठेतरी वाचले होते आणि ते ढालीसारखे वापरत होतो. ते खरेच आहे, तो भाग पंचविशीच्या आसपासपर्यंत घडत राहतो. पण एकदा आई शांतपणे म्हणाली, “सरांसमोर कधी काही फेकलेस का? मित्राचा फोन फोडलास का? तुला राग आवरता येतो. तू तो माझ्यासाठी आवरत नाहीस.” यावर माझ्यापाशी उत्तर नव्हते. फोडलेल्या कपाटाच्या काचेचे पैसे तिने मला सुट्टीत मामाच्या रसवंतीवर काम करून भरायला लावले. त्यानंतर मी काही फेकले नाही.

मी सुधारलो, असे घरात सगळे म्हणतात. गेल्या दिवाळीत मी माझ्यापेक्षा सात वर्षांनी लहान असलेल्या बहिणीला विचारले की, तुला त्या दिवसांतले काय आठवते? ती म्हणाली, “तू ओरडायला लागलास की मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडायचे. पूर्ण सोडायचे, म्हणजे काही ऐकू यायचे नाही.” त्या वर्षी पाण्याचे बिल का वाढले, म्हणून बाबा तिच्यावर रागावले होते, हे मला आठवत होते. तिने तेव्हा कारण सांगितले नव्हते.