इटलीची पहिली सहल: सात रात्री, सोबत सासूबाई. आराखडा तपासून द्याल का?

मंडळी, मदत हवी आहे.

भाऊबीज आटोपली की नोव्हेंबरच्या मध्यात इटलीला जायचं घाटतंय. आम्ही चौघं: मी, नवरा, आठवीतली लेक आणि सासूबाई. युरोप कुणीच पाहिलेला नाही. सुट्टी कितीही ताणली तरी सात रात्रींच्या वर जात नाही. निघणार मुंबईहून, दुबई किंवा दोहामार्गे.

दीर ग्रुप टूरने जाऊन आलेत. त्यांनी मोठ्या उत्साहाने कागदावर यादी काढून दिली: मिलान, लेक कोमो, व्हेनिस, पिसा, फ्लोरेन्स, चिंक्वे तेर्रे, रोम, पॉम्पेई, अमाल्फी. म्हणे, "सगळं होतं गं, सकाळी सहाला बसमध्ये बसायचं फक्त." होतही असेल. पण सासूबाईंचं वय ६८, गुडघे कुरकुरतात. सपाटीवर तासभर आरामात चालतात. जिना दिसला की आधी थांबून त्याच्याकडे बघतात. शिवाय बसच्या खिडकीतून इटली बघायला एवढा खर्च करायचा माझा विचार नाही.

मी केलेला हिशेब सांगते. सात रात्री म्हणजे हाताशी पूर्ण दिवस सहाच. त्यात प्रत्येक गाव बदलायला अर्धा दिवस जातो: सामान आवरा, स्टेशन गाठा, गाडी, नवं हॉटेल शोधा, खोली मिळेपर्यंत बॅगा कुठेतरी ठेवा. गाडी दीड तासाचीच असली तरी हे सगळं धरून चार तास कुठे गेले कळत नाही. म्हणून तीनच मुक्काम धरलेत. रोम ३ रात्री, फ्लोरेन्स २, व्हेनिस २. विमान रोमला उतरायचं आणि परत व्हेनिसहून, म्हणजे मागे फिरायला नको. रोम ते फ्लोरेन्स वेगवान गाडीने दीड तास, फ्लोरेन्स ते व्हेनिस सव्वादोन तासांच्या आसपास. अमाल्फी आणि चिंक्वे तेर्रे हे दोन्ही समुद्रकिनारे मीच कापले. नोव्हेंबरात तिकडच्या बोटी बहुतेक बंद, पाऊस, आणि दिवस पाचच्या आत मावळतो.

आता घरातल्या मागण्या. लेकीची यंदा इंटरमिजिएट ड्रॉइंगची परीक्षा, त्यामुळे मायकेलअँजेलोचा डेव्हिड आणि सिस्टिन चॅपेलचं छत याला पर्याय नाही. सासूबाईंना व्हेनिसची होडी हवी, बाकी काहीही दाखवा म्हणतात. नवऱ्याला पॉम्पेई हवं किंवा मारानेल्लोचं फेरारी म्युझियम, "दोन्ही झालं तर उत्तमच."

विचारायचंय ते असं. विमानाचे दोन पर्याय जवळपास एकाच भावात आहेत, एक गुरुवारी दुपारी रोमला पोचतं, एक शनिवारी दुपारी. कुठलं घ्यावं? रोममधून पॉम्पेई एका दिवसात जमेल का, सासूबाईंना घेऊन? व्हेनिसला राहावं की बाहेर मेस्त्रेला, तिथे हॉटेलं बरीच स्वस्त दिसतात? आणि सासूबाई अंडंही खात नाहीत, त्यांच्या जेवणाचं काय? थेपले, भडंग नेतेच आहे, पण सात दिवस त्यावर कुणी काढत नाही.

कृपया "इटलीला पंधरा दिवस तरी हवेत" असं सांगू नका, ते मलाही कळतंय.

– गोदाकाठ

चाकांची_बॅग

ताई, आराखडा चांगला आहे, मोडू नका. शनिवारचं विमान घ्या, डोळे झाकून.

कारण असं की फ्लोरेन्सला उफिझी आणि अकाडेमिया ही दोन्ही म्युझियमं सोमवारी बंद असतात. डेव्हिड अकाडेमियात आहे. गुरुवारी उतरलात तर फ्लोरेन्स येतं रविवार-सोमवारी, म्हणजे रविवारची दुपार तेवढी हातात आणि त्यात दोन्ही म्युझियमं कोंबायची. शनिवारी उतरलात तर रविवार-सोमवार रोममध्ये, मंगळवारी सकाळच्या गाडीने फ्लोरेन्स, दुपारी डेव्हिड, बुधवारी उफिझी. गुरुवारी व्हेनिस, शनिवारी परतीचं विमान. छान बसतं.

फक्त सिस्टिन चॅपेल ज्यात आहे ते व्हॅटिकन म्युझियम रविवारी बंद असतं, महिन्याचा शेवटचा रविवार सोडून. म्हणून रविवारी कलोसियम आणि फोरमचे प्राचीन अवशेष, सोमवारी व्हॅटिकन. रविवारच्या सुट्टीनंतर सोमवारी तिथे गर्दी जास्त, पण सकाळची पहिली वेळ मिळाली तर निभतं. सेंट पीटर्स चर्चच्या घुमटावर सासूबाईंना नेऊ नका. लिफ्ट घेतली तरी वर ३२० पायऱ्या उरतात, आणि शेवटी जिना इतका अरुंद की मागे फिरायची सोय नाही.

कलोसियमची तिकिटं अधिकृत साइटवर तारखेच्या ३० दिवस आधी खुली होतात आणि नावानिशी असतात. पासपोर्टवर आहे तसंच नाव टाका. थंडीच्या वेळापत्रकात ते साडेचारला बंद होतं, तेव्हा दुपारची वेळ नको. लिफ्ट आहे. १८ वर्षांखालच्या मुलांना कलोसियम, उफिझी, अकाडेमिया तिन्हीकडे प्रवेश फुकट, पण वेळेचं बुकिंग लेकीच्या नावानेही करावंच लागतं. व्हॅटिकनला मात्र हा नियम नाही, तो देशच वेगळा!

गल्लीतला_भूगोल

पॉम्पेईबद्दल. रोम ते नेपल्स वेगवान गाडीने सव्वा तास, पुढे चिरकुमवेसुवियाना नावाची लोकल, ४० मिनिटांच्या आसपास. ऐकायला सोपं वाटतं. पण ही लोकल म्हणजे कर्जत फास्ट, बसायला मिळेलच असं नाही. आणि तिथले रस्ते इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेत गाडले गेले तेव्हाचेच आहेत: मोठमोठे खडबडीत दगड, मधून रथांच्या चाकोऱ्या, रस्ता ओलांडायला उंच पायदगड. चांगल्या गुडघ्याचा माणूस चार तासांत थकतो. तुमच्याकडे रोमचे पूर्ण दिवस दोन. त्यातला एक पॉम्पेईला दिला तर कलोसियम किंवा सिस्टिन यातलं एक सोडावं लागेल. मी सोडणार नाही.

माझं वेगळं मत विचाराल तर व्हेनिस कापा. रोम ४, फ्लोरेन्स ३, परत रोमहून. एक मुक्काम कमी, एक दिवस जास्त. नोव्हेंबरात व्हेनिसला भरतीचं पाणी चढतं ते वेगळंच.

मेस्त्रेचा_शत्रू

व्हेनिस कापा? सासूबाईंनी सगळ्या सहलीत एकच गोष्ट मागितली आहे हो!

पाण्याचं म्हणाल तर २०२० पासून समुद्राच्या तोंडाशी मोझे नावाचे पूर अडवणारे दरवाजे उभे करतात, त्यामुळे मोठा पूर अडतो. लहान भरतीत सान मार्कोचा चौक ओला होऊ शकतो, तो भाग शहरात सगळ्यात सखल. तेवढे काही तास तिकडे फिरकू नका, बाकी गाव चालूच असतं. उलट नोव्हेंबरात गर्दी निम्मी आणि सकाळचं धुकं फुकट.

राहायचं मात्र आतच, मेस्त्रेला नाही. मेस्त्रे गाडीने दहाच मिनिटं आहे हे खरं, पण सासूबाई दुपारी दमल्या तर खोलीवर नेऊन आडवं करता आलं पाहिजे. व्हेनिसमध्ये ४०० हून जास्त पूल आहेत आणि बहुतेकांना पायऱ्या. म्हणून हॉटेल निवडताना नकाशावर अंतर बघू नका, पूल मोजा. सांता लुचिया स्टेशनच्या दारातून बाहेर पडून डावीकडे लिस्ता दि स्पान्या नावाचा रस्ता जातो. पोंते देल्ले गुल्ये हा पूल येईपर्यंत मध्ये दुसरा एकही नाही. त्या पट्ट्यात घ्या. रस्ता थोडा बाजारू आहे, पण बॅगा ओढत पाच मिनिटांत खोलीवर. लिफ्ट आहे का ते ईमेल करून विचारा, जुन्या इमारतींत असेलच असं नाही. आणि तिकडचा पहिला मजला म्हणजे आपल्यासारखाच तळमजल्याच्या वरचा, हेही लक्षात असू द्या.

होडीचं: गोंडोला अर्ध्या तासाला महाग पडते, पण ती माणशी नसून होडीमागे असते, चौघांत विभागली तर सासूबाईंची हौस फिटते. खरी मजा वापोरेत्तोची, म्हणजे तिथल्या सार्वजनिक बोटीची. १ नंबरची बोट स्टेशनपासून सान मार्कोपर्यंत ग्रँड कॅनॉलभर रमतगमत जाते. सुटं तिकीट ७५ मिनिटांचं आणि चांगलंच महाग, तुमच्यासाठी २४ किंवा ४८ तासांचा पास परवडेल. संध्याकाळी दिवे लागायच्या वेळी बसा, पुढची उघडी जागा मिळाली तर सोडू नका.

एका दिवसासाठी येणाऱ्यांकडून शुल्क घेतात असं वाचलं असेल, ते ठरावीक दिवशीच, आणि मुक्काम करणाऱ्यांना नाही. हॉटेलात माणशी दर रात्रीचा शहर कर मात्र वेगळा द्यावा लागतो, तिन्ही गावांत.

गाडीतून उतरताना सांता लुचियालाच उतरा. मेस्त्रेला अर्धा डबा रिकामा होतो, त्यांच्या मागून जाऊ नका.

उपाशी_बोका

रुमाल टाकून ठेवला होता, आता जेवणावर लिहितो.

शाकाहाराची अडचण कमी, अंड्याची थोडी जास्त. सुका पास्ता, म्हणजे स्पगेटी, पेन्ने वगैरे, गहू आणि पाण्याचा असतो. ताजा पास्ता, म्हणजे ताल्यातेल्ले, लझान्या, राव्हिओली, यात बहुतेक वेळा अंडं. तेव्हा "स्पगेटी अल पोमोदोरो" हे पाठ करा, मेन्यूवर नसलं तरी करून देतात. पिझ्झा मारिनारा: टोमॅटो, लसूण, ओरेगानो, चीजच नाही. फ्लोरेन्सला थंडीत रिबोल्लिता मिळते, शिळा पाव, घेवड्याचे दाणे आणि पालेभाजीचं दाट सूप. पण सूप कुठलंही असो, "सेंझा कार्ने?" (मांसाशिवाय?) विचारून घ्या, मांसाचं पाणी असू शकतं. रोमचे सुप्ली नावाचे तांदळाचे वडे दिसायला निष्पाप, आत बऱ्याचदा खिमा.

कडक पाळत असाल तर अजून एक. पार्मेजान चीज बनवताना वासराच्या आणि पेकोरिनोला बऱ्याचदा कोकराच्या पोटातलं रेनेट (दूध गोठवणारं विरजण) वापरतात. सासूबाईंना सांगायचं की नाही हा तुमच्या घरचा प्रश्न.

वेळा पाळा. दुपारी अडीच-तीनला स्वयंपाकघरं बंद होतात ती थेट सात-साडेसातला उघडतात. मधल्या वेळी पिझ्झा अल ताल्यो, वजनावर कापून देतात. कॉफी काउंटरपाशी उभ्याने स्वस्त, टेबलावर बसलात की भाव बदलतो. बिलात "कोपेर्तो" दिसेल, तो पाव-टेबलाचा आकार, फसवणूक नाही. रोममध्ये पाण्याच्या बाटल्या विकत घेऊ नका, रस्त्यावरच्या लोखंडी नळांना, त्यांना नासोनी म्हणतात, पिण्याचं गार पाणी चोवीस तास असतं.

चाकांची_बॅग

दोन गोष्टी राहिल्या. व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपर्यंत करता येतो, दिवाळीच्या तोंडावर नको. विमा किमान ३०,००० युरोंचा. हॉटेलं रद्द करता येतील अशीच घ्या. वेगवान गाड्यांची स्वस्त तिकिटं परत होत नाहीत, ती व्हिसा हातात आल्यावर काढा, पण फार उशीर नको, भाव चढत जातात.

आणि संप. "शोपेरो" शब्द बातम्यांत शोधत राहा. आधी जाहीर करतात, बऱ्याचदा शुक्रवारी. तुमच्या शुक्रवारी गाडी नाही हे बरंच आहे.

गोदाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. शनिवारचं विमान पक्कं. व्हेनिस राहणार, पूल मोजून हॉटेल शोधते आहे. पॉम्पेई गेलं. गल्लीतला_भूगोल, तुमचा प्रतिसाद नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवला. "कर्जत फास्ट"ला तो गप्प झाला.

आता फेरारी उरलं. नकाशात बघताना दिसलं की फ्लोरेन्स-व्हेनिसच्या गाड्या बोलोन्याला थांबतात. तिथून मोदेना लोकलने अर्ध्या तासाच्या आत, पुढे बस. मग गुरुवारी पहाटे नवऱ्याने एकट्याने मारानेल्लोला जावं, आम्ही तिघी सावकाश नाश्ता करून थेट व्हेनिस, संध्याकाळी तो येऊन मिळेल. अट एकच, त्याची बॅग त्याने न्यायची. हे जमण्यासारखं आहे का? मोदेना स्टेशनवर सामान ठेवायची सोय कुणाला माहीत असेल तर सांगा.

अजून एक. दिवाळीनंतर म्हणजे कार्तिकी एकादशी सहलीतच येणार असं दिसतंय, आणि सासूबाई मोडणार नाहीत. साबुदाणा भिजवायला हॉटेलात जागा कुठली?

उपाशी_बोका

नोव्हेंबरात रस्त्यावर गाडीवाले चेस्टनट भाजत बसलेले असतात, कागदाच्या पुडीत गरमागरम देतात. उपासाला चालतात का हे सासूबाईंना विचारा. नाहीतर केळी, द्राक्षं, दही कुठल्याही सुपरमार्केटात. एकादशीची तारीख बघून तो दिवस व्हेनिसचा येतो का तेवढं तपासा, तिथे सुपरमार्केटं लहान आणि लांब. आला तर आदल्या दिवशी फ्लोरेन्सलाच खरेदी करून ठेवा.

मेस्त्रेचा_शत्रू

मारानेल्लो जमतं. पण यजमानांना परतीची गाडी बोलोन्याहून संध्याकाळी सहाच्या आतली घ्यायला सांगा. आणि शनिवारी विमानतळावर जायची बस प्याझ्झाले रोमाहून सुटते. मधल्या नव्या पुलाला पायऱ्या आहेत, सासूबाई आणि बॅगा घेऊन तो चढू नका. स्टेशनसमोरून वापोरेत्तोने एकच थांबा पलीकडे जा, तुमच्या पासात बसतं. पास ४८ तासांचा घेतलात तर पहिल्यांदा कधी लावता ते बघा. गुरुवारी दुपारी लावलात आणि विमान शनिवारी सकाळचं असेल तर तेवढी एक फेरीही त्यातच होईल.