उत्तर: व्याख्यानाच्या हॉलचा फॉर्म, शुक्रवारपर्यंत सही हवी

प्रेषक: मेधा

मंडळी,
लायब्ररीचा हॉल शुक्रवारी पाचच्या आत पक्का केला नाही तर हातचा जाईल. फॉर्मवर खजिनदारांची सही लागते आणि श्रीकांत सही करायला तयार नाहीत. इंदिरा गांधी, अलाहाबादचा निकाल, आणीबाणी, तिची चौकशी करणारा शहा आयोग हा पूर्वार्ध त्यांना चालतो. उत्तरार्धात इथल्या, म्हणजे अमेरिकेच्या, राष्ट्राध्यक्षांना खटल्यांपासून मिळालेल्या संरक्षणाचा निकाल आहे, तो गाळा म्हणतात. वक्ते म्हणतात, अर्धं व्याख्यान देणार नाही. आज रात्री त्यांना काय कळवू?

प्रेषक: श्रीकांत

मेधाताई, मंडळ ५०१ (सी) (३), म्हणजे करमुक्त संस्था आहे आणि दरवर्षी आयआरएसला, म्हणजे कर खात्याला, जाणाऱ्या फॉर्म ९९० वर सही माझी असते. कुठल्या उमेदवाराच्या बाजूनं किंवा विरुद्ध प्रचार करायचा नाही हा नियम १९५४ पासूनचा आहे, आणि यंदा नोव्हेंबरात मिडटर्म, म्हणजे संसदेच्या मध्यावधी निवडणुका आहेत.

दुसरं म्हणजे आपल्याकडे एच-१बी या नोकरीच्या व्हिसावरची तरुण कुटुंबं बरीच आहेत. आता व्हिसाच्या स्टॅम्पिंगच्या वेळी त्यांचा सोशल मीडिया बघतात. गेल्या व्याख्यानाचं रेकॉर्डिंग आपण यूट्यूबवर टाकलं, त्यात पहिल्या दोन रांगांतले चेहरे स्पष्ट दिसतात. उद्या एखाद्याचं काही अडलं तर त्याच्या घरच्यांना उत्तर कोण देणार?

प्रेषक: अविनाश

श्रीकांत, तो नियम उमेदवारांबद्दल आहे, विषयांबद्दल नाही. कोर्टाचा निकाल समजावून सांगणं हा प्रचार होत नाही. अमक्याला मत द्या, तमक्याला पाडा असं मंडळाच्या व्यासपीठावरून कोणी म्हणायचं नाही, एवढंच बघायचं.

नियम खरा मोडला तो गणपतीत. काउंटीच्या निवडणुकीला उभ्या असलेल्या गृहस्थांना आरतीनंतर माइक दिला, त्यांची पत्रकं प्रसादाच्या टेबलावर ठेवली, आणि समोरच्या उमेदवाराला कळवलंही नाही. तेव्हा ९९० कोणाला आठवला नव्हता.

प्रेषक: नीलिमा

अविनाश, ते गृहस्थ दर्शनाला आले होते, सांस्कृतिक समितीनं त्यांना बोलावलं नव्हतं. माइक कोणी दिला ते सगळ्यांना ठाऊक आहे. कार्यकारिणीत तो विषय मिटलाय, परत उकरू नका.

लायब्ररीत गरम खाणं चालत नाही, म्हणजे बटाटेवडे नाहीत. चिवडा-लाडू करायचे तर किती माणसं ते बुधवारपर्यंत कळवा.

प्रेषक: संजय

मला नियमापेक्षा दुसरं खटकतं. असल्या व्याख्यानांत बोट एकाच बाजूला रोखलेलं असतं. बायडन यांनी १ डिसेंबर २०२४ ला मुलाला माफी दिली आणि पद सोडायच्या दिवशी भावाबहिणीलाही. मॅनहॅटनमध्ये निवडून आलेल्या डेमोक्रॅट सरकारी वकिलानं ट्रंप यांच्यावर हिशेबाच्या नोंदींवरून ३४ आरोप लावले, ते सिद्ध झाले, आणि शेवटी जानेवारी २०२५ मध्ये शिक्षा काय, तर काहीच नाही. विरोधकाला कोर्टात खेचायचं आणि त्याला कायद्याचं राज्य म्हणायचं, हे मला मान्य नाही. हे सगळं येणार असेल तर मी येईन. नाहीतर श्रीकांतचं बरोबर आहे.

प्रेषक: विनायककाका

संजय, तुझं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

माझे वडील आणीबाणीत मिसाखाली, म्हणजे खटल्याविना डांबायच्या कायद्याखाली, नाशिक रोडच्या तुरुंगात होते. त्यांची आंतर्देशीय पत्रं घरी यायची, त्यात मधल्या ओळी काळ्या शाईनं गिरवलेल्या असायच्या. आई तो कागद खिडकीशी धरून मागच्या बाजूनं वाचायला बघायची. त्यांचा गुन्हा काय, हे शेवटपर्यंत कोणी सांगितलं नाही. आणि २८ एप्रिल १९७६ ला सुप्रीम कोर्टानं चार विरुद्ध एक असा निकाल दिला की आणीबाणीत अशा अटकेविरुद्ध कोर्टात दादच मागता येत नाही. विरोधात एकटे न्या. हंसराज खन्ना. त्या चौघांत आपले यशवंत चंद्रचूडही होते. २०१७ मध्ये तो निकाल चुकीचा होता असं लिहिलं ते त्यांचेच चिरंजीव धनंजय चंद्रचूड यांनी. मधे ४१ वर्षं गेली.

सुरुवात कुठून झाली तेही बघ. १२ जून १९७५ ला अलाहाबाद हायकोर्टाच्या न्या. जगमोहनलाल सिन्हांनी इंदिरा गांधींची रायबरेलीची निवडणूक रद्द केली. यशपाल कपूर सरकारी नोकरीत असतानाच बाईंच्या प्रचाराला लागले होते आणि सभांचे मंच सरकारी अधिकाऱ्यांनी उभारले होते. पुष्कळांना ही कारणं किरकोळ वाटली. पण पंधरा दिवसांच्या आत आणीबाणी आली, आणि ऑगस्टमध्ये ३९ वी घटनादुरुस्ती करून पंतप्रधानांची निवडणूकच कोर्टाच्या कक्षेबाहेर काढली. त्याच महिन्यात आणखी एक विधेयक आलं होतं, ४१ व्या दुरुस्तीचं. राष्ट्रपती, पंतप्रधान आणि राज्यपाल यांच्यावर पदावर येण्याआधीच्या किंवा पदावरच्या कुठल्याही कृत्यासाठी फौजदारी खटला भरता येणार नाही, पद सोडल्यावरसुद्धा नाही. राज्यसभेनं ते मंजूर केलं. लोकसभेत ते पुढे सरकलं नाही म्हणून वाचलो.

१ जुलै २०२४ चा इथल्या सुप्रीम कोर्टाचा सहा विरुद्ध तीन निकाल वाचताना मला ते विधेयक आठवलं. दोन्ही एकच आहेत असं मी म्हणत नाही, खासगी कृत्यांना इथे संरक्षण नाही. पण अधिकृत कामांना जे कवच मिळालं त्यात २०२० च्या निवडणुकीवरून ट्रंप यांच्यावर भरलेला खटला अडकला, आणि ते निवडून आल्यावर २५ नोव्हेंबर २०२४ ला काढूनच टाकला गेला. ते दोषी की निर्दोष, हे ज्युरीपुढे ठरलंच नाही. म्हणून उत्तरार्ध गाळायचा नाही.

आता तुझा मुद्दा. जनता सरकारनं ३ ऑक्टोबर १९७७ ला इंदिरा गांधींना अटक केली. केस इतकी कच्ची की दुसऱ्याच दिवशी मॅजिस्ट्रेटनं सोडून दिलं. पुढच्या वर्षी त्या चिकमगळूरहून निवडून आल्या, तर लोकसभेनं बहुमताच्या जोरावर त्यांचं सदस्यत्व काढून अधिवेशन संपेपर्यंत तिहारला पाठवलं. शहा आयोगापुढे आलेला पुरावा राहिला बाजूला, लोकांना दिसला तो सूड. जानेवारी १९८० मध्ये त्या परत पंतप्रधान. माझ्या वडिलांना आत टाकणाऱ्यांना कधी कोणी जाब विचारला नाही. आपल्या माणसांचा राग शमवायला घाईनं केलेली कारवाई आरोपीच्याच पथ्यावर पडते, हे आमच्या घरानं सोसलंय.

तेव्हा मॅनहॅटनच्या खटल्याची चिकित्सा होऊ दे, बायडन यांच्या माफ्यांचीही. मग कॅपिटॉलवरच्या, म्हणजे इथल्या संसद भवनावरच्या, हल्ल्याच्या खटल्यांतल्या सुमारे १५०० जणांना २० जानेवारी २०२५ ला ट्रंप यांच्याकडून मिळालेल्या माफीचीही झाली पाहिजे. ट्रंप यांनी उघड मागणी केल्यावर एफबीआयचे माजी प्रमुख कोमी आणि न्यूयॉर्क राज्याच्या अ‍ॅटर्नी जनरल लेटिशिया जेम्स यांच्यावर भरलेल्या खटल्यांचीही. सरकारी वकिलाची नेमणूकच बेकायदा म्हणून कोर्टानं ते दोन्ही नोव्हेंबर २०२५ मध्ये रद्द केले. ज्यानं त्यानं आपल्या पक्षाच्या माणसाला सूट मागितली तर उरतो कोण?

श्रीकांत, डिसेंबर १९७५ मध्ये कराडच्या साहित्य संमेलनात अध्यक्ष दुर्गाबाई भागवतांनी जयप्रकाशांसाठी प्रार्थना करायला लावली, आणि स्वागताध्यक्ष होते केंद्रातले मंत्री यशवंतराव चव्हाण. आपल्याला तर फक्त हॉलच्या फॉर्मवर सही करायची आहे.

प्रेषक: श्रीकांत

काका, तुम्ही आमंत्रित साहित्यिकाचं सांगताय, मी दुसऱ्यांच्या व्हिसाचं बोलतोय. त्या मुलांना विचारल्याशिवाय त्यांच्या वतीनं मी धीट होऊ शकत नाही. नियमाबद्दल अविनाशचं मला पटलं. रेकॉर्डिंगचं काय?

प्रेषक: मेधा

रेकॉर्डिंग नको. झूमही नको. फोटो फक्त वक्त्यांचा, तोही प्रेक्षक मागे दिसणार नाहीत असा. हॉल लायब्ररीचा असल्यानं कार्यक्रम सर्वांना खुला ठेवावा लागतो, म्हणून सुरुवातीला फोन खिशात ठेवायची विनंती मी स्वतः करीन. प्रश्न चिठ्ठीवर, नाव न लिहिता. एवढ्यावर सही कराल का?

प्रेषक: संजय

चिठ्ठ्या निवडणार कोण?

प्रेषक: मेधा

तुम्ही आणि अविनाश. दोघांनी मिळून, एकही चिठ्ठी बाजूला न ठेवता.

प्रेषक: श्रीकांत

हे फॉर्मच्या मागच्या बाजूला लिहून द्या, मग सही करतो. गुरुवारी ऑफिसनंतर घरी आहे.

प्रेषक: नीलिमा

माणसं किती ते अजून कोणी कळवलेलं नाही.