प्रशिक्षकावरची 'श्रद्धा उडाली' असं म्हणता येईल का?

वेंगुर्ल्याचा लेफ्टबॅक:
आमच्या फुटबॉल मंडळाची स्मरणिका निघते आहे. त्यात मी भारतीय संघाच्या २०२३-२४ च्या वाटचालीवर एक चाहता म्हणून लेख लिहिलाय. लेखातलं एक वाक्य असं: 'त्या रात्री माझी मुख्य प्रशिक्षकावरची श्रद्धा उडाली.' मुद्रितं माझी आत्ये तपासते, तिने जन्मभर शाळेत मराठी शिकवलं. तिने 'श्रद्धा'खाली लाल रेघ मारून समासात लिहिलं, 'श्रद्धा देवावर. माणसावर विश्वास.' मी मुकाट्याने 'विश्वास उडाला' केलं. मोठ्याने वाचून पाहिलं आणि ते वाक्य मला खोटं वाटलं.

खोटं का, ते सांगतो. उडणं म्हणजे एका क्षणातलं काम. पाखरू उडतं, कापूर उडतो. माझं तसं झालेलं नाही. जून २०२३ मध्ये भुवनेश्वरला लेबनॉनला २-० हरवलं, जुलैत बंगळुरूला कुवेतला पेनल्टींवर हरवून सॅफ चषक घेतला, तेव्हा हा माणूस आपल्याला कुठेतरी नेणार याबद्दल माझ्या मनात किंतु नव्हता. मग जानेवारीत आशियाई चषक. ऑस्ट्रेलियाकडून ०-२, उझबेकिस्तानकडून ०-३, सीरियाकडून ०-१. तीन सामने, एक गोल नाही. मी स्वतःला समजावलं, समोरचे मोठे होते. मार्चमध्ये ऐन शिमग्यात, विश्वचषक पात्रता फेरीत, गुवाहाटीला अफगाणिस्तान. बाहेर ढोल, पालखी शेजारच्या खळ्यात आलेली, आणि मी माजघरात मोबाईल धरून बसलेलो. छेत्रीचा दीडशेवा सामना, त्याचाच पेनल्टीवर गोल, आणि शेवटच्या वीस मिनिटांत दोन गोल खाऊन १-२. पालखी आमच्या दारात आली तेव्हा मला ओटी भरायला उठवावं लागलं. ६ जूनला कोलकात्यात कुवेतशी ०-०, छेत्रीच्या निरोपाचा सामना. ११ तारखेला कतारकडून १-२. १७ जूनला महासंघाने प्रशिक्षकाला काढलं. ती बातमी वाचून मला ना बरं वाटलं ना वाईट. म्हणजे जे जायचं ते आधीच गेलेलं होतं. नेमकं कधी गेलं, त्यावर बोट ठेवता येत नाही.

तर प्रश्न दोन. श्रद्धा चालेल का? आणि असं हळूहळू, नकळत जाण्याला क्रियापद कुठलं? प्रशिक्षक चांगला की वाईट हा वाद कृपा करून नको.

सुरंगी:
'मनातून उतरला.' माझी आई यापेक्षा वेगळं कधी बोलली नाही. सोयरीक मोडली तरी, दुधात पाणी घालणारा सापडला तरी. आणि उतरायला वेळ लागतो, जिना उतरावा तसा.

वेंगुर्ल्याचा लेफ्टबॅक:
ताई, पण मनातून उतरतो तो माणूस म्हणून उतरतो. त्याच्या वागण्याचं काहीतरी दिसतं आणि किंमत कमी होते. या माणसाबद्दल माझं तसं काही नाही. तो मेहनती होता, खेळाडूंची बाजू घेऊन भांडायचा. फक्त हा आपल्याला पुढच्या फेरीत नेईल, हे मला वाटेनासं झालं.

मुळाक्षर:
आत्याबाईंना नमस्कार सांगा, पण त्यांची रेघ मला मान्य नाही. श्रद्धा हा शब्द देव्हाऱ्यात जन्मलेला नाही. श्रत् अधिक धा, म्हणजे 'हृदय ठेवणे', एखाद्यावर जीव टाकणे. लॅटिनमधलं 'क्रेडो' त्याच मुळाचं, आणि म्हणून बँकेतलं 'क्रेडिट'सुद्धा श्रद्धेचं भावंड. बँकेत चालते ती श्रद्धा मैदानात का चालू नये?

विश्वासाचं मूळ तर मला त्याहून आवडतं. वि अधिक श्वस्. श्वास मोकळा सोडणे. आश्वासन, निःश्वास, सगळे याच घरातले. ज्याच्या हातात सूत्रं असताना आपण श्वास रोखून बसत नाही, त्याच्यावर आपला विश्वास. तुम्ही ८० व्या मिनिटाला १-० ने पुढे असताना श्वास रोखता की मोकळा सोडता, एवढं आठवून पाहा. तुमची तारीख सापडेल.

निवृत्त शिक्षिका, कणकवली:
मूळ सांगून वापर ठरत नाही, मुळाक्षर. मीही चौतीस वर्षं शिकवलं आहे आणि लाल रेघेच्या बाजूने उभी आहे. आमच्या गावी देवळात कौल लावतात. कौल डावा पडला म्हणून कोणी देवावरची श्रद्धा सोडत नाही. पुन्हा गाऱ्हाणं घालतो, पुन्हा लावतो. श्रद्धा निकालावर अवलंबून नसते, हाच तिचा अर्थ. प्रशिक्षकाचं तर सगळं निकालावर. तीन सामने गोल झाला नाही की प्रश्न सुरू होतात, आणि व्हायलाच हवेत. जे निकालाने जातं ते मुळात श्रद्धा नव्हतं.

वेंगुर्ल्याचा लेफ्टबॅक:
बाई, जानेवारीत तीन कौल डावे पडले आणि मी चौथ्यांदा लावला. मार्चमध्येही लावला. म्हणूनच मी तो शब्द लिहिला होता.

बंदरवाला:
आमच्या बंदरावर श्रद्धाही नाही आणि विश्वासही नाही. 'माझो तेच्यार भरवसो नाय रवलो.' संपला विषय. भरवसा उडत नाही, तुटत नाही. तो फक्त 'रवणा नाय'. पाहुणा निघून जातो तसा. तुमचं क्रियापद इथेच आहे बघा: राहणे. 'भरवसा राहिला नाही.' कधी गेला ते विचारायचंच नाही.

सुरंगी:
भरवसा म्हटलं की पुढे म्हैस आणि टोणगा आलेच. आमची आजी म्हणायची, 'भरवशाचे म्हशीक टोणगो.' त्या म्हणीत म्हशीचा दोष नाही हे लक्षात घ्या. रेडी होईल म्हणून वाट बघणाऱ्याचं नुकसान आहे ते. चाहत्याचं तसंच असतं.

राईटविंग, दापोली:
आमच्या मोहल्ल्यात दर पावसाळ्याआधी फुटबॉलचे सामने होतात. आखातात नोकरी करणारे सुट्टी त्या हिशोबाने काढतात. तिथे आमचे नाना रेषेवर उभे राहून जो शब्द वापरतात तो इथे कोणी काढला नाही: इतबार. 'त्याचा इतबार गेला.' आणि हा शब्द फक्त आमचा नाही. 'इतबारी माणूस' मी ब्राह्मण आळीतल्या आजोबांच्या तोंडून ऐकलंय, दुकानाच्या किल्ल्या ज्याच्याकडे द्याव्यात त्याच्याबद्दल. इतबार पारखून ठेवतात आणि पारखूनच काढून घेतात. प्रशिक्षकासाठी हाच शब्द योग्य. एका पराभवाने इतबार जात नाही. चुकीच्या वेळी चुकीचा खेळाडू बदलला, पुन्हा बदलला, पुन्हा बदलला, मग जातो.

रत्नागिरी पेठ:
लेखकाने 'मुख्य प्रशिक्षक' लिहिलं याबद्दल त्याचं अभिनंदन करायला आलो होतो, तर इथे अरबी इतबाराची शिफारस चालू आहे. मराठीत विश्वास आहे, भरवसा आहे, निष्ठा आहे. मग बाहेर जायचं कारण काय? भाषाशुद्धीची चळवळ याच आमच्या गावातून लढवली गेली. सावरकर १९२४ ते १९३७ रत्नागिरीत स्थानबद्ध होते, आणि महापौर, दिग्दर्शक हे शब्द आपण आज सहज बोलतो ते त्या खटाटोपामुळे. तेव्हाही लोक म्हणाले होते की हे शब्द रुळणार नाहीत.

राईटविंग, दापोली:
महापौर मलाही आवडतो. पण इतबार बाहेरचा कसा? दाभोळ बंदरात घोडे आणि खजूर उतरत होते तेव्हापासून हे शब्द या किनाऱ्यावर आहेत. 'खात्री' अरबी, 'मदार' अरबी. 'संघाची सगळी मदार छेत्रीवर होती' हे वाक्य खोडून दाखवा आणि त्याच्या जागी त्याच वजनाचं वाक्य द्या. मी मान्य करेन.

रत्नागिरी पेठ:
'संघ सर्वस्वी छेत्रीवर विसंबून होता.'

राईटविंग, दापोली:
विसंबून चांगला आहे. मानलं. पण मदार म्हणजे आस, ज्याभोवती सगळं फिरतं तो खुंटा. विसंबण्यात फिरणं नाही. आणि ज्यांनी छेत्रीला जवळजवळ वीस वर्षं खेळताना पाहिलंय त्यांना ते फिरणं माहीत आहे.

मुळाक्षर:
शुद्धीचंच म्हणत असाल तर 'कोच'कडे बघा. तो इंग्रजीही नाही. हंगेरीत कोच नावाचं गाव आहे, तिथे घोडागाड्या बनत. गावावरून गाडीला नाव पडलं, गाडीवरून ऑक्सफर्डच्या पोरांनी परीक्षेतून 'वाहून नेणाऱ्या' शिकवणीवाल्याला तेच नाव दिलं, आणि तिथून ते मैदानावर आलं. कोकण रेल्वेच्या फलाटावर 'कोच क्रमांक' लिहिलेलं असतं तो आणि मैदानाच्या रेषेवरचा, दोघे एकच. म्हणून प्रशिक्षक या शब्दात मला काहीतरी कमी वाटतं. प्रशिक्षक शिकवतो. कोच वाहून नेतो. आपल्या लेफ्टबॅकची तक्रार हीच आहे ना, की हा आपल्याला नेणार नाही?

सुरंगी:
मग कोकणात 'तांडेल' म्हणा की. होडी नेणारा.

बंदरवाला:
तांडेल नको. माझे वडील तांडेल होते, म्हणून सांगतो. तांडेल होडीत असतो. पाणी आत आलं तर त्याच्याही पायाला लागतं. जाळं कुठे टाकायचं ते तो सांगतो आणि स्वतः ओढायलाही लागतो. तो संघात खेळणारा कर्णधार झाला. कोच रेषेच्या बाहेर, कोरड्या जागेत. इंग्रजांच्या जुन्या जहाजी लिखाणात 'टिंडल' येतो, तोही जहाजावर चढलेलाच.

पण तांडेलावरून एक गोष्ट सांगावीशी वाटते, लेफ्टबॅकला उपयोगी पडेल. खलाशी हंगामाआधी उचल घेतो. उचल घेतली की हंगामभर त्याच होडीवर. मध्येच कळलं की या तांडेलाला पाण्याचा अंदाज राहिलेला नाही, तरी उतरता येत नाही. पहाटे तीनला उठायचं, जाळं ओढायचं. अशा खलाशाला काय झालंय विचारलं तर तो 'विश्वास गेला' असं कधीच म्हणत नाही. 'मन उडाला' म्हणतो. माझ्या धाकट्या काकाचं एका हंगामात असं झालं. पुऱ्या हंगामात त्याने एक खेप चुकवली नाही, आणि पुढच्या वर्षी नारळी पौर्णिमेला नारळ दुसऱ्या होडीवरून सोडला. आमच्या वडिलांना न सांगता. होडी आमचीच होती.

निवृत्त शिक्षिका, कणकवली:
बंदरवाले भाऊ, तुमच्या या उदाहरणात व्याकरणाचं मोठं मर्म आहे. विश्वास 'त्याच्यावरचा' उडतो, पण मन 'त्याच्यावरून' उडतं. पहिल्यात उडणारी वस्तू समोरच्यावर ठेवलेली असते. दुसऱ्यात आपण स्वतःच त्याच्यावर बसलेलो असतो आणि आपणच उठून जातो. मी वर्गात हा फरक कधी सांगितला नाही, याची आज चुटपुट लागली.

वेंगुर्ल्याचा लेफ्टबॅक:
बाई, हे वाचून थांबलो. पण माझं मन संघावरून उडालेलं नाही. कतारचा तो पहिला गोल, चेंडू रेषेबाहेर गेलेला असताना दिलेला, तो बघून मी रात्री अकरा वाजता अंगणात जाऊन पावसात उभा राहिलो. मन उडालेला माणूस असं करत नाही. संघ धरून ठेवायचा आणि फक्त प्रशिक्षक सोडायचा, त्यासाठी शब्द हवाय.

रत्नागिरी पेठ:
तो गोल रद्द व्हायला हवा होता, आणि झाला असता तर आपण कदाचित पुढे गेलो असतो आणि हा लेखही वेगळा झाला असता. प्रशिक्षकावर अन्याय करू नका.

राईटविंग, दापोली:
गुवाहाटीत कोणता गोल रेषेबाहेरचा होता?

सुरंगी:
त्याने हा वाद नको म्हणून सांगितलंय, दादा. शब्दावर या. 'ओसरला' कोणी म्हटलंच नाही. पूर ओसरतो, ताप ओसरतो, गर्दी ओसरते. 'विश्वास ओसरला.' हळू आहे, नकळत आहे, आणि कुणावर दोष टाकत नाही.

वेंगुर्ल्याचा लेफ्टबॅक:
ओसरला. हा जवळ आला. आत्येला विचारतो.

बंदरवाला:
ओसरणं पुराचं. पूर एकदाच येतो आणि ओसरला की गेला. समुद्राचं पाणी सुकतीला जातं आणि परत भरतं. तुमचा विश्वास सॅफ चषकाला भरला, आशियाई चषकाला सुकती, मार्चमध्ये पुन्हा थोडा भरला. ही सुकती-भरती आहे. आणि शेवटी शेवटी तर भांगाचं पाणी. अष्टमीच्या आसपास भरती धड वर चढत नाही, ओहोटी धड खाली जात नाही. होडी ढकलायला माणसं दुप्पट लागतात. कुवेतशी ०-० झाला तेव्हा तुमचं असंच होतं ना? ना वर, ना खाली.

वेंगुर्ल्याचा लेफ्टबॅक:
बंदरवाले काका, अगदी असंच होतं. मग वाक्य कसं करू? 'त्या रात्री माझ्या विश्वासाला भांग लागला'?

बंदरवाला:
'लागला' नाही. भांग 'असतो'. 'भांगाचं पाणी होतं.'

निवृत्त शिक्षिका, कणकवली:
घाटावरचा वाचक भांग म्हणजे केसांतला समजेल, नाहीतर प्यायची. स्मरणिका पुण्या-मुंबईतही जाणार असेल. तळटीप द्यावी लागेल.

मुळाक्षर:
केसांतला भांग आणि पाण्याचा भांग एकाच 'भंग'वरून आले असतील का, असा विचार माझ्या मनात घोळतोय. दोन्हीकडे काहीतरी मोडतंय. केसांची रेघ, लाटेचा जोर.

बंदरवाला:
ते मी सांगू शकत नाही. पण लेफ्टबॅक, एक राहिलंच. तुमचा तो ६ जूनचा सामना, त्या दिवशी पंचांगात अमावास्या होती. मला पक्कं आठवतं, कारण १ जूनला मासेमारी बंद झालेली आणि आम्ही होड्या वर ओढून झापांनी शाकारत होतो. पाणी आमच्या खुंट्यांपर्यंत चढलं होतं. ते उधाण होतं, भांग नव्हे.

वेंगुर्ल्याचा लेफ्टबॅक:
लेखात तारीख छापली आहे, काका.

बंदरवाला:
तर मग शब्द बदला. बंदरावरचे लोक तारीख बघणार.